पन्नास किलोंची विश्वविजेती

व्यापाऱ्याच्या घरात काट्याला वेगळाच मान असतो. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीशेजारी तराजूलाही हळद-कुंकू लागते, ते उगीच नव्हे. माप खरे असेल तर व्यवहार खरा, ही शिकवण पेढीवर बसणाऱ्या मुलाला हिशेबाच्याही आधी मिळते. खेळाच्या जगातही काटा असाच निर्णायक असतो, हे आपल्याकडे सर्वांना कळले ते ७ ऑगस्ट २०२४ रोजी. त्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीपूर्वी काट्यावर उभी राहिली, १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. शंभर ग्रॅम म्हणजे किराण्याच्या दुकानातली धण्याची एक पुडी. तिची किंमत काय असू शकते हे त्या दिवशी देशाने पाहिले.

याच्या तीन वर्षे आधी, टोकियोमध्ये, काट्याने आणखी एका खेळाडूची वाट अडवली होती. ती मात्र जास्त भरली नव्हती. तिचे माप अगदी बरोबर होते; त्या मापाचा गटच ऑलिंपिकमध्ये ठेवलेला नव्हता. तुर्कस्तानच्या सेराप ओझचेलिक अरापोलू हिची ही कारकीर्द आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. कराटे या खेळाचे जगज्जेतेपद तिने मिळवले, दुसऱ्यांदा ते अगदी हातातोंडाशी आले असता निसटले, आणि ज्या एकाच ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळला गेला तिथे तिला स्वतःपेक्षा एक गट वर जाऊन लढावे लागले.

नावापासूनच सुरुवात करू. तुर्की भाषेत 'सेराप' म्हणजे मृगजळ. 'ओझचेलिक' म्हणजे अस्सल पोलाद. तुर्कस्तानात १९३४ साली कायद्याने प्रत्येक कुटुंबाला आडनाव घेणे भाग पडले. तोपर्यंत बहुसंख्य लोकांना आडनावच नव्हते. मग कोणी लोखंड घेतले, कोणी पोलाद, कोणी डोंगर, कोणी वाघ. आपल्याकडे आडनावे गावावरून, वतनावरून किंवा धंद्यावरून आली. तिकडे अनेकांनी ती आपल्या हौसेने निवडली. असे हे पोलादी आडनाव लाभलेली मुलगी १९८८ च्या फेब्रुवारीत जन्मली. अरापोलू हे आडनाव पुढे त्याला जोडले गेले. टोकियोच्या यादीत तिची नोंद दोन्ही आडनावांनी आहे.

तुर्कस्तानच्या स्त्रियांचा ऑलिंपिकमधील प्रवास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या दोन तरुणी तलवारबाजीत उतरल्या. त्यांतील एक हालेत चांबेल. हिटलरची भेट घेण्याची सूचना त्यांनी नाकारली होती. पुढे त्या पुरातत्त्वज्ञ झाल्या आणि काराटेपे येथील प्राचीन अवशेषांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घालवले. (काराटेपे हे एका टेकडीचे नाव आहे, कराटेशी त्याचा काही संबंध नाही.) पदक मात्र लांब राहिले. पहिले पदक मिळाले ते छप्पन्न वर्षांनी, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, ज्युदोपटू हुल्या शेनयुर्त हिला. कांस्यपदक, ४८ किलो गटात. पहिले सुवर्णपदक आले २००४ साली अथेन्समध्ये, वेटलिफ्टर नुरजान तायलान हिच्या रूपाने. तेही ४८ किलो गटातच.

म्हणजे तुर्की स्त्रीचे पहिले ऑलिंपिक पदक आणि पहिले सुवर्ण, ही दोन्ही अठ्ठेचाळीस किलोंच्या मुलींनी आणली. चणीने लहान असलेल्या मुलींसाठी वजनी गट असणे याचा अर्थ काय, हे या दोन नोंदींवरून कळते. ज्युदोत किंवा वेटलिफ्टिंगमध्ये सर्वांत हलका गट पंचावन्नचा ठेवला असता तर ही नावे इतिहासात आली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सेराप ओझचेलिकच्या बाबतीत तो प्रश्न प्रत्यक्षातच उभा राहिला.

कराटे हा खेळ कसा खेळला जातो हे थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर पांढऱ्या गणवेशातली मुले हात-पाय झाडताना दिसतात आणि पालक पिवळा, हिरवा, तपकिरी अशा पट्ट्यांचा हिशेब ठेवतात. स्पर्धेतील कराटे दोन प्रकारचे. एक 'काता', ज्यात खेळाडू एकट्याने ठरलेल्या हालचालींचा क्रम करून दाखवतो. त्यात वजनाचा संबंध नसतो. दुसरा 'कुमिते', म्हणजे समोरासमोरची लढत. आठ मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात एक खेळाडू लाल पट्टा बांधून, दुसरा निळा बांधून उभा राहतो. टोकियोमध्ये लढतीचा वेळ तीन मिनिटे होता. हाताच्या ठोशाला एक गुण, धडावर मारलेल्या लाथेला दोन, डोक्यापर्यंत पोहोचलेल्या लाथेला तीन. खाली पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर नेमका ठोसा उतरवला तरीही तीन. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. गुण बरोबरीत राहिले तर ज्याने आधी निर्विवाद गुण घेतला तो जिंकतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार पंच लाल-निळे झेंडे घेऊन बसतात आणि निदान दोन झेंडे एकाच बाजूने वर आल्याशिवाय गुण धरला जात नाही.

या खेळाचा खरा गाभा मात्र आणखी एका नियमात आहे. वार नेमका, वेगवान आणि पूर्ण ताकदीचा दिसला पाहिजे, आणि तरीही तो समोरच्याच्या अंगावर आवरला गेला पाहिजे. चेहऱ्याला जोरात लागले तर मारणाऱ्यालाच दंड होतो. टोकियोतच याचे टोकाचे उदाहरण घडले. पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादे याला अशी बसली की तो बेशुद्ध होऊन पडला. मुष्टियुद्धात याला विजय म्हणतात. इथे पंचांनी हमेदीला बाद केले आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेला मिळाले. हात आवरता न येणे हाच या खेळात पराभव आहे. ज्या घरांत मुलांना मारामारीचे खेळ शिकवावेत की नाही यावर जेवणाच्या पानावर वाद होतात, त्या घरांनी हा नियम जरूर लक्षात घ्यावा.

वार आवरायचा असेल तर मग वजनाचे काय महत्त्व, असे कोणी विचारील. महत्त्व आहे, पण ते ठोशाच्या भाराचे नसून पोहोचीचे असते. जड गटातील मुलगी बहुधा उंच असते. तिचा पाय लांब, हात लांब. ती पुढचा पाय उचलून नुसता धरला तरी लहान चणीच्या मुलीला आत शिरणे कठीण होते. कुमिते हा अंतराचा खेळ आहे. कुठे उभे राहिले म्हणजे आपला हात पोहोचतो आणि समोरचीचा पोहोचत नाही, हे खेळाडूच्या अंगात वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरलेले असते. समोरच्या मुलीची उंची चार बोटांनी बदलली की हे मुरलेले गणित पुन्हा मांडावे लागते. तेही दर सेकंदाला.

स्त्रियांसाठी ५० किलोंचा गट हा या खेळात जुना नाही. २००८ च्या जागतिक स्पर्धेपर्यंत स्त्रियांचे तीनच वजनी गट होते: ५३ किलोंपर्यंत, ६० किलोंपर्यंत आणि त्यावरील. २०१० च्या बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत प्रथमच पाच गट झाले. ५०, ५५, ६१, ६८ आणि त्यावरील. सेराप तेव्हा बावीस वर्षांची होती. म्हणजे तिच्या मापाची जागा जागतिक पातळीवर नेमकी तिच्या उमेदीच्या काळात निर्माण झाली. नशीब म्हणावे तर इथवर ते तिच्या बाजूने होते.

तुर्कस्तानात कराटेला चांगले पाठबळ आहे. तिथे मोठ्या महापालिकांचे स्वतःचे क्रीडासंघ असतात. इस्तंबूल आणि कोजाएली येथील पालिकांच्या संघांत कराटेचे विभाग आहेत. आपल्याकडे खेळाडूला रेल्वे किंवा पोलीस खात्यात नोकरी मिळते, तसाच काहीसा हा आधार. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा २०१५ साली इस्तंबूलला आणि २०१७ साली कोजाएलीला झाली, यावरूनही त्या देशाचे या खेळातील स्थान कळते. तरीही पाठबळ म्हणजे यश नव्हे. ५० किलोंच्या गटात त्या काळी फ्रान्सच्या अलेक्झांड्रा रेक्या हिचा दबदबा होता. २०१२ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत, घरच्या प्रेक्षकांसमोर, तिने या गटाचे विजेतेपद घेतले होते.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जर्मनीतील ब्रेमेन शहरात जागतिक स्पर्धा भरली. ही स्पर्धा दोन वर्षांतून एकदाच होते आणि ती तेव्हा बाद पद्धतीची होती. एका सकाळी चुकले की पुढच्या संधीसाठी दोन वर्षे थांबायचे. फेरीमागून फेरी जिंकत सेराप ओझचेलिक त्या दिवशी शेवटपर्यंत पोहोचली आणि ५० किलो गटाची जगज्जेती झाली. वय २६. पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, अझरबैजानची राजधानी बाकू येथे युरोपातील देशांचे पहिले क्रीडामहोत्सव झाले. ऑलिंपिकच्या धर्तीवरचा हा सोहळा. भाषेने तुर्कीला अगदी जवळचा असलेला तो देश. तिथेही तिने सुवर्णपदक घेतले. बाकूच्या त्या महोत्सवात कराटेचे बारा प्रकार ठेवले होते आणि स्त्रियांचे पाचही वजनी गट त्यांत होते, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे. म्हणजे अनेक खेळांच्या गर्दीतही कराटेचे सर्व गट बसवता येतात, हे एकदा सिद्ध झालेले होते.

२०१६ साली ऑस्ट्रियातील लिंत्स येथे रेक्याने आपले विजेतेपद परत मिळवले. २०१८ च्या नोव्हेंबरात माद्रिदला सेराप पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. समोर होती जपानची मिहो मियाहारा, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. सुवर्ण मियाहाराला गेले, रौप्य सेरापला. तिसाव्या वर्षी, चपळाईवरच चालणाऱ्या गटात, जगात दुसरे येणे ही लहान गोष्ट नव्हे. युरोपीय स्पर्धांतील पदके याखेरीज होतीच. या गटाची पहिली दहा वर्षे कोणी लिहायला घेतली तर रेक्या, ओझचेलिक आणि मियाहारा ही तीन नावे त्याला टाळता येणार नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. गुंतागुंत ऑलिंपिकने केली.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोसाठी पाच नवे खेळ मान्य केले. त्यांत कराटे होते. अनेक दशके दार ठोठावणाऱ्या या खेळाला शेवटी आत घेतले, आणि तेही जपानमध्ये. आनंदाला सीमा राहिली नाही. मग तपशील आले. एकूण ८० खेळाडू, आठ प्रकार, प्रत्येक प्रकारात दहाजण. दोन प्रकार काताला गेले. उरलेले सहा कुमितेला: तीन पुरुषांचे, तीन स्त्रियांचे. स्त्रियांच्या पाच गटांचे तीन करताना ५० आणि ५५ यांचे विलीनीकरण झाले, तसेच ६८ आणि त्यावरील गटांचे. राहिले ५५ किलोंपर्यंत, ६१ किलोंपर्यंत आणि ६१ च्या वर.

बँकांचे विलीनीकरण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. कागदावर दोन्ही संस्था समान असतात. पाटी मात्र एकीचीच राहते आणि दुसरीच्या माणसांना नवे नियम शिकावे लागतात. इथे पाटी पंचावन्नची राहिली. पन्नास किलोंच्या मुलीला पाच किलो म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्सा. शिवाय पंचावन्नच्या गटात लढणाऱ्या काही मुली एरवी त्याहूनही जड असतात, खाणे-पाणी तोडून काट्यापुरत्या त्या मापात येतात आणि वजन झाल्यावर पुन्हा भरून निघतात. सेरापसारखीला एवढाच फायदा की वजनाच्या दिवशी निर्धास्तपणे न्याहारी करता यावी.

अन्य खेळांकडे पाहिले की हा निर्णय अधिक खटकतो. त्याच टोकियोत स्त्रियांच्या ज्युदोचा सर्वांत हलका गट ४८ किलोंचा होता, तायक्वांदोचा ४९, वेटलिफ्टिंगचाही ४९, कुस्तीचा ५० आणि मुष्टियुद्धाचा ५१. आपल्या मीराबाई चानूने रौप्यपदक मिळवले ते याच ४९ किलोंच्या गटात. तिला पंचावन्नच्या गटात वजन उचलायला लावले असते तर काय झाले असते, याचा विचार कोणीही करून पाहावा. लढतीच्या खेळांपैकी कराटे तेवढे पंचावन्नपासून सुरू होत होते. समितीची अडचण खरी होती. खेळाडूंची एकूण संख्या बांधलेली असते आणि पाहुण्या खेळाला तिच्यात मोजक्याच जागा मिळतात. पण अडचण खरी असली म्हणून त्या गटातील मुलींवरचा भार हलका होत नाही.

दुसरा घाव फेब्रुवारी २०१९ मध्ये बसला. पॅरिसच्या आयोजकांनी २०२४ साठी सुचवलेल्या जादा खेळांच्या यादीत कराटे नव्हते. टोकियो अजून दीड वर्ष दूर होते, आणि खेळाडूंना कळून चुकले की ही पहिली संधीच शेवटची ठरू शकते. क्रिकेटपटूला एक विश्वचषक हुकला तर चार वर्षांनी दुसरा असतो. इथे पुढचे काहीच नव्हते. स्वतःच्या गटात जगात दुसऱ्या क्रमांकावर आलेली एकतीस वर्षांची खेळाडू अशा वेळी काय करते? सेराप ओझचेलिकने क्रमवारीचे गुण जमवणे चालू ठेवले. दोन्ही गटांच्या जागतिक क्रमवारीतून मोजक्याच खेळाडूंना थेट प्रवेश होता. उरलेल्या जागांपैकी तीन पॅरिसच्या पात्रता स्पर्धेतून भरायच्या होत्या. वर्षभर या शहरातून त्या शहरात फिरायचे, एका दिवसात पाच-सहा लढती लढायच्या, आणि जमलेले गुण मुदत संपेपर्यंत टिकवायचे. यात एखादी दुखापत झाली की सगळे खाते रिकामे.

मार्च २०२० मध्ये टोकियो ऑलिंपिकच पुढे ढकलले गेले. वर्षभर स्पर्धा बंद. विशीतल्या खेळाडूला एक वर्ष म्हणजे वाढीचे वर्ष. बत्तिशीतल्या खेळाडूला ते खर्चाच्या बाजूला लिहावे लागते. २०२१ च्या मार्चमध्ये स्पर्धांचे चक्र पुन्हा सुरू झाले ते इस्तंबूललाच. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, पॅरिसमधून कराटे वगळल्याचा निर्णय अधिकृतही झाला होता.

आणि मग ५ ऑगस्ट २०२१. टोकियोचे निप्पॉन बुदोकान. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो प्रथम आले तेव्हा त्यासाठी हे सभागृह बांधले गेले. १९७० साली कराटेची पहिली जागतिक स्पर्धाही टोकियोतच भरली होती. कराटेच्या ऑलिंपिक इतिहासातला हा पहिलाच दिवस, आणि ५५ किलोंचा स्त्रियांचा गट त्याच दिवशी होता. महामारीमुळे प्रेक्षकांच्या रांगा रिकाम्या. पाच-पाच जणींचे दोन गट, प्रत्येकीने आपल्या गटातील इतर चौघींशी लढायचे, प्रत्येक गटातून पहिल्या दोघी उपांत्य फेरीत. सेराप त्या दोघींत आली नाही. तिच्या ऑलिंपिकचा हिशेब एवढ्याच ओळीत संपतो.

त्या दिवशी सुवर्ण बल्गेरियाच्या इवेत गोरानोवाला मिळाले, रौप्य युक्रेनच्या आन्झेलिका तेर्लिउगाला. कांस्यपदके दोन, तैवानची वेन त्झू-युन आणि ऑस्ट्रियाची बेटिना प्लांक यांना. पहिल्या तिघी मूळच्या पंचावन्नच्या गटातल्या. माद्रिदमध्ये सेरापला हरवणारी मियाहाराही, घरच्या मैदानावर, उपांत्य फेरीपूर्वीच बाहेर पडली. पन्नास किलोंच्या गटाचा माद्रिदमधील अंतिम सामना ज्या दोघींनी खेळला, त्या दोघींनाही ऑलिंपिकचे पदक मिळाले नाही.

यावरून सारा दोष काट्याला देऊन मोकळे होता येईल, पण ते न्यायाचे होणार नाही. कारण चौथे नाव. बेटिना प्लांक ही पन्नास किलोंचीच खेळाडू. वर्षानुवर्षे सेरापच्याच गटात लढलेली. ती वरच्या गटात गेली आणि पदक घेऊन आली. म्हणजे ते अशक्य नव्हते, एवढे कबूल करावेच लागते. दहा जणींतून चार पदके, त्यांत लहान चणीच्या मुलींच्या वाट्याला एक आले आणि ते प्लांकने कमावले. अशा वेळी त्या दिवशीची लय, लढतींचा क्रम, एखाद्या क्षणी वर न आलेला पंचाचा झेंडा, अशा कितीतरी गोष्टी एकत्र येतात. अन्याय्य नियमात हरलेला प्रत्येकजण केवळ नियमामुळेच हरतो असे नाही, आणि नियमातही जिंकणारी एक निघाली म्हणून नियम न्याय्य ठरतो असेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुर्की चमूसाठी तो दिवस दुःखाचा नव्हता. त्याच संध्याकाळी त्याच सभागृहात एराय शामदान पुरुषांच्या ६७ किलो गटात अंतिम फेरीपर्यंत गेला आणि रौप्यपदक घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मेर्वे चोबान हिने ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये कराटेचे पदक मिळवणारी ती पहिली तुर्की स्त्री. अली सोफुओलू आणि उउर आक्ताश यांची आणखी दोन कांस्ये. कराटेची एकूण चार पदके, म्हणजे यजमान जपानपेक्षाही संख्येने एक अधिक. सुवर्ण मात्र एकही नाही. तुर्कस्तानने टोकियोत सर्व खेळांत मिळून १३ पदके मिळवली, तोवरच्या कोणत्याही ऑलिंपिकपेक्षा अधिक, आणि त्यांतली चार या एका पाहुण्या खेळाची होती. मुष्टियुद्धात ५१ किलोंच्या गटात बुसे नाझ चाकिरोलू हिने रौप्य घेतले. म्हणजे लहान चणीच्या तुर्की मुलीला तिच्या मापाचा गट मिळाला तिथे पदकही आले.

कारकिर्दीचे मोजमाप करताना लोक ऑलिंपिकच्या रकान्यात पाहतात आणि तिथे जागा रिकामी दिसली की पान उलटतात. सेराप ओझचेलिकच्या बाबतीत ब्रेमेनचे जागतिक सुवर्ण, बाकूचे सुवर्ण आणि माद्रिदचे रौप्य हे तीनही रकाने भरलेले आहेत, पण ते पाहण्यासाठी वहीची आतली पाने उघडावी लागतात. बाहेरच्या माणसाला कराटेची जागतिक स्पर्धा कुठे झाली, केव्हा झाली, हे कळतही नाही. ज्या खेळाची मोठी स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसत नाही त्या खेळातल्या जगज्जेतीची ओळख शेजारच्या बिऱ्हाडालाही नसते. खो-खो आणि मल्लखांब खेळणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे वेगळे सांगायला नको.

या गोष्टीचे एक टोक मुंबईपर्यंत येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी नवे खेळ निवडायचे होते. आधी विचारात घेतलेल्या नऊ खेळांत कराटे होते, क्रिकेटही होते. १६ ऑक्टोबरला निर्णय झाला: बेसबॉल-सॉफ्टबॉल, क्रिकेट, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रॉस आणि स्क्वॉश. भारतभर आनंद झाला. १९०० नंतर क्रिकेट पुन्हा ऑलिंपिकमध्ये येणार होते. त्या दिवशीच्या बातम्यांत कराटेचा उल्लेख शोधूनही सापडला नसता. सेराप अरापोलू तेव्हा पस्तीस वर्षांची होती. जागतिक स्पर्धेत स्त्रियांचा ५० किलोंचा गट मात्र तसाच चालू आहे. काट्यावर चढणाऱ्या मुली आता वेगळ्या आहेत.